टाकी तापते, मांड्या भाजतात, गाडी गरम झाली की बंद पडते: फॉइल चिकटवायच्या आधी हे बघा

मोटरसायकलची पेट्रोलची टाकी तापते ही तक्रार मी स्वतः तीन वर्षं केलीय. त्या तीन वर्षांत पाचेक उपाय करून झाले, त्यातले साडेतीन फुकट गेले, आणि जो लागू पडला तो सगळ्यात साधा होता. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट, "टाकी तापते" असं म्हणताना आपण चार वेगवेगळ्या गोष्टी बोलत असतो. एकाला गुडघ्यापासून मांडीपर्यंत भाजतं पण टाकीला हात लावला तर ती बरी असते. दुसऱ्याची टाकी खरंच चटका बसेल इतकी तापते. तिसऱ्याने गाडी लावली की पेट्रोलचा वास सुटतो नाहीतर खालच्या नळीतून थेंब पडतात. आणि चौथ्याची गाडी ट्रॅफिकमध्ये अर्ध्या तासाने गचके खाऊन बंद पडते, दहा-पंधरा मिनिटं थांबलं की जणू काही झालंच नाही अशी चालू होते. चौघांनाही सल्ला मात्र एकच मिळतो, टाकीखाली फॉइल चिकटव. चिकटवायला हरकत नाही, पण उष्णता कुठल्या वाटेने येतेय ते माहीत नसेल तर ते म्हणजे गळतं छप्पर सोडून खिडकीला पडदा लावण्यासारखं आहे.

माझी गाडी एक सिलिंडरवाली, लिक्विड कूल्ड, पुढे अर्धं फेअरिंग, म्हणजे वारा कापणारं प्लास्टिकचं आवरण. नवीन होती तेव्हा काही त्रास नव्हता. दुसऱ्या वर्षी सिग्नलला उभं राहिलं की पुढून गरम हवेचा लोट यायला लागला आणि टाकीचा पुढचा भाग, हँडलकडचा, हात ठेववेना. मी लगेच अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेली फायबरग्लासची चिकटपट्टी आणली, टाकी उतरवली आणि खालची सगळी बाजू चांदीसारखी चकाचक करून टाकली, दोन रविवार गेले त्यात. फरक पडला म्हणजे किती, तर टाकी तापायला आधी दहा मिनिटं लागायची ती आता तेरा लागायला लागली. मांडीला काहीच फरक नाही.

नंतर कळलं की पट्टीची काही चूक नव्हती, मीच चुकीच्या शत्रूशी लढत होतो. उष्णता टाकीपर्यंत पोचते ती चार वाटांनी. तापलेला बेंड पाइप (इंजिनातून धूर बाहेर नेणारा वळलेला पाइप) आणि हेड, म्हणजे सिलिंडरचा वरचा भाग, लांबूनच भाजतात, शेकोटीसमोर बसल्यावर तोंड शेकतं तसं. दुसरी वाट गरम हवेची, रेडिएटरमधून किंवा फिन्समधून (इंजिनावरच्या पातळ पात्यांमधून) निघून वर चढणारी. तिसरी धातूतून धातूत, म्हणजे फ्रेम, टाकीचे माउंट, कुठे टाकी थेट कशाला टेकत असेल तर तिथून. आणि चौथी पेट्रोलमधूनच, काही जुन्या इंजेक्शनवाल्या गाड्यांमध्ये इंजेक्टरला पेट्रोल पुरवणाऱ्या रेलवरून परत टाकीत येणारी नळी असते, ती इंजिनजवळून फिरून आलेलं कोमट पेट्रोल सारखं टाकीत आणून ओतत राहते आणि टाकी अर्ध्याखाली गेली की उरलेलं पेट्रोल भराभर तापतं. आता बऱ्याच गाड्यांत प्रेशर रेग्युलेटर पंपाबरोबर टाकीतच असतो, परतीची नळी नसते, त्यामुळे ही वाट बहुतेकांना लागू नाही. चमकदार पट्टी फक्त पहिल्या वाटेवर जोरात काम करते. माझ्याकडे दुसरी होती.

तर आधी मोजा. लेझरचा ठिपका पडणारी इन्फ्रारेड गन असली तर उत्तम, पण तिची एक खोड लक्षात ठेवा, चकचकीत धातूवर ती बिनधास्त खोटं बोलते. क्रोमचा पाइप ३०० अंशांवर असला तरी ती ९० दाखवेल आणि तुम्ही खूश व्हाल. म्हणून टाकीखाली जिथे मोजायचंय तिथे काळ्या मॅट चिकटपट्टीचे छोटे तुकडे लावायचे आणि त्यावरच नेम धरायचा. मी तीन जागा धरतो: टाकीच्या पोटाला पुढे, मध्ये, आणि सीटकडे. आणि तीन वेळा मोजतो. एकदा वीस-पंचवीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर चालवून थांबल्या थांबल्या, मग उभ्या गाडीवर आयडलिंगला पाच मिनिटं फॅन सुरू होईपर्यंत, आणि मग इंजिन बंद करून दहा मिनिटांनी.

या नऊ आकड्यांतून जवळपास सगळं कळतं. चालत्या गाडीतच आकडा चढलेला असेल तर एकतर इंजिन किंवा पाइप गरजेपेक्षा जास्त गरम होतंय, नाहीतर टाकी कशाला तरी टेकलीय. चालताना ठीक आणि उभं राहिल्यावर झरझर चढत असेल तर गरम हवा. आणि इंजिन बंद केल्यावरच चढत असेल तर ती साठलेली उष्णता आहे, पाणी आणि हवा दोन्ही थांबतात पण हेड आणि पाइप तापलेलेच असतात, त्यांची धग जाणार कुठे, वर. थोडंफार हे प्रत्येक गाडीत होतं, त्याला दोष म्हणायचं कारण नाही.

माझे आकडे असे आले: पुढे चालताना ४६, उभं राहिल्यावर ६८, सीटकडे मात्र दोन्ही वेळा पन्नाशीच्या आत. म्हणजे पुढून काहीतरी येतंय आणि उभं राहिलं की येतंय. कातडीला साधारण ४४-४५ अंशांपासून दुखायला लागतं, ६८ ला तर बोट ठेवून बघूच नका.

मग हवेची वाट शोधायला मी पातळ टिश्यू पेपरच्या बोटभर पट्ट्या कापल्या आणि टाकीच्या कडेने चिकटवल्या, पाइपपासून लांब, दोन पुढे हँडलखाली, दोन-दोन बाजूंना. उदबत्तीचा धूर वगैरे वापरून बघायचा विचारही करू नका, पेट्रोलच्या टाकीखाली आपण काम करतोय. गाडी चालू केली, फॅन लागेपर्यंत वाट बघितली. फॅन लागला आणि पुढच्या दोन पट्ट्या एकदम आडव्या झाल्या, फडफडायला लागल्या, बाजूच्या मात्र ढिम्म. म्हणजे रेडिएटरमागून फॅन जी हवा मागे फेकतो ती खाली-बाजूला जायच्या ऐवजी सरळ वर टाकीच्या पोटात घुसत होती.

कंपनीने याचा बंदोबस्त केलेला असतो. रेडिएटरच्या वरच्या कडेपासून फ्रेमपर्यंत एक रबराचा पडदा असतो, सायकलच्या ट्यूबपेक्षा थोडा जाड, काळा, दिसायला अगदी फालतू, तीन प्लास्टिकच्या रिव्हेटवर लटकलेला. काही गाड्यांत टाकीखाली एक मोठी रबरी चटईच असते, इंजिनाच्या वर अंथरलेली, प्लगच्या वायरसाठी चिरा पाडलेली. माझ्या गाडीत तो पडदाच नव्हता. रिव्हेटची तीन भोकं होती, एकात अर्धा तुटलेला रिव्हेट होता, पडदा गायब. कधीतरी प्लग बदलताना नाहीतर एअर फिल्टर काढताना कोणीतरी काढला आणि परत लावला नाही. मिस्त्रीला विचारलं तर म्हणाला, "दादा, ते रबर काय कामाचं नसतं, धूळ येऊ नये म्हणून असतं." नवीन आणून लावला, उभ्या गाडीवर पुढचा आकडा ६८ वरून ५४ वर आला. दोन रविवारच्या चांदीने जे केलं नाही ते हातरुमालाएवढ्या रबराने केलं.

म्हणून माझं ठाम मत: काहीही नवीन लावायच्या आधी, गाडीत मुळात जे होतं ते सगळं जागेवर आहे का बघा. पार्ट्सचं चित्र मिळतं, त्यात टाकी, रेडिएटर आणि सायलेन्सरची पानं उघडून एकेक रबर, वॉशर, पत्रा मोजा. बेंड पाइपवरचा हीट शिल्ड, त्याच्या खालचे फायबर वॉशर, टाकीखालचे रबरी बुश, बाजूच्या प्लास्टिक पॅनेलच्या आतल्या बाजूला चिकटवलेला फोमचा नाहीतर फॉइलचा तुकडा. टाकीचे बुश जुने झाले की चपटे होतात, टाकी चार-पाच मिलिमीटर खाली बसते आणि फ्रेमला नाहीतर हेडच्या कव्हरजवळच्या एखाद्या ब्रॅकेटला टेकते. तिथे रंग घासलेला दिसेल. ज्या गाड्यांत इंजिन ऑइल फ्रेमच्या नळीतच भरलेलं असतं, यामाहाची एक्सटी ५०० त्यातलीच, तिथे टाकीखालची नळीच गरम ऑइलने भरलेली, तिथे हे टेकणं फारच महाग पडतं. उलटा प्रकार ब्यूएलच्या एक्सबी मालिकेत होता, पेट्रोलच फ्रेममध्ये आणि ऑइल स्विंगआर्ममध्ये, म्हणजे टाकी म्हणून दिसतं ती टाकीच नाही. अशा गाडीवर वर लिहिलेली अर्धी तपासणी गैरलागू.

आपण स्वतः लावलेल्या गोष्टीही बघा. क्रॅश गार्डवर फळीसारखं काही बांधलंय का, रेडिएटरसमोर मोठे दिवे, बारीक जाळी, हवा अडवणारा स्टिकर. जाळीत चिखल सुकून बसला असेल तर पाण्याच्या हलक्या धारेने मागून पुढे धुवायचं, प्रेशर वॉशर जवळून मारला तर फिन्स लोळतात आणि मग खरंच हवा जात नाही. फॅन कुठल्या दिशेने फिरतोय तेही एकदा बघून घ्या. मोटरच्या वायरी उलट्या जोडल्या तर तो उलटा फिरतो, आवाज तसाच येतो, हवा मात्र चालत्या गाडीच्या वाऱ्याविरुद्ध ढकलतो. कागदाचा कपटा रेडिएटरच्या पुढून धरला की जाळीला चिकटला पाहिजे.

आता पहिल्या वाटेबद्दल, कारण एअर कूल्ड गाड्यांत आणि व्ही ट्विनमध्ये (दोन सिलिंडर इंग्रजी व्ही अक्षरासारखे असलेल्या इंजिनात) मुख्य भानगड तीच असते. धग तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते आणि तापमान निरपेक्ष मोजायचं असतं, म्हणजे अंश सेल्सिअसमध्ये २७३ मिळवून. पाइप ४०० वरून ५०० अंशांवर गेला तर आपल्याला वाटतं पाव हिस्सा वाढला, प्रत्यक्षात धग जवळपास पाऊणपट वाढते. ४०० अंशांचा काळा पाइप चौरस मीटरमागे साडेअकरा किलोवॅटच्या आसपास फेकत असतो, भर दुपारचं डोक्यावरचं ऊन एक किलोवॅटच्या आसपास असतं, यावरून अंदाज घ्या. म्हणून मधे चकचकीत पत्रा घातला की एवढा फरक पडतो आणि म्हणूनच पाइप उगाच शंभर अंशांनी जास्त का तापतोय हे शोधणं कुठल्याही पट्टीपेक्षा जास्त मोलाचं.

पाइप का तापतो? सगळ्यात नेहमीचं कारण लीन मिक्श्चर, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी, आणि ते लीन बहुतेक वेळा इनटेकच्या रबरी बूटला तडा गेल्याने किंवा क्लिप ढिली राहिल्याने होतं. लक्षण म्हणजे आयडलिंग वरखाली होतं, रेस सोडली की आरपीएम हळूहळू उतरतो, सायलेन्सरमधून फटफट येते. बेंड पाइपचं हेडकडचं पॅकिंग गेलं असेल तर थंड गाडी चालू करताना टिकटिक असा आवाज येतो आणि गरम झाल्यावर तो जातो, बरेच जण टॅपेटचा (व्हॉल्व्हचा) आवाज समजून सोडून देतात, पण तिथून निघणारा जाळ सरळ टाकीकडे बघत असतो. टायमिंग मागे गेलं असेल, म्हणजे ठिणगी उशिरा पडत असेल, तर जळण्याचं काम सिलिंडरमध्ये पुरं न होता पाइपात उष्णता जाते. एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा गॅप बसून गेला असेल तर तेच, शिवाय व्हॉल्व्ह जळतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर चोंदला तर गाडी वरच्या आरपीएमला दम टाकते आणि सगळा मधला पाइप लाल व्हायला येतो. आणि मागचा ब्रेक चिकटत असेल तर इंजिनाला सतत ओझं ओढावं लागतं, हे कोणाच्या लक्षातच येत नाही. गाडी स्टँडवर लावून चाक हाताने फिरवा, दोन मिनिटांचं काम आहे.

दोन गैरसमज इथेच निकालात काढतो. थंड हीट रेंजचा प्लग टाकला की इंजिन थंड राहतं असं सर्रास सांगतात. तसं नसतं, हीट रेंजने फक्त प्लगचं टोक किती लवकर थंड होतं ते बदलतं, इंजिनाची उष्णता तेवढीच, वर ट्रॅफिकमध्ये प्लग काळा होऊन मिसफायर सुरू. दुसरं म्हणजे थर्मोस्टॅट काढून टाकणे. तो काढला की थंडीत इंजिन तापतच नाही, पेट्रोल जास्त खातं, आणि ट्रॅफिकमधला त्रास जिथल्या तिथे, कारण उभ्या गाडीत थर्मोस्टॅट तसाही पूर्ण उघडाच असतो, अडतं ते हवेवाचून. कूलंटही घट्ट तेच चांगलं असं नाही, पाणी न मिसळता नुसतं कॉन्सन्ट्रेट ओतलं तर ते उष्णता कमी वाहून नेतं. निम्मं डिस्टिल्ड पाणी, निम्मं कॉन्सन्ट्रेट, किंवा तयार मिसळलेलं, बस. आणि कूलंट बदलल्यावर आतला हवेचा बुडबुडा काढलाय ना ते विचारा, तो राहिला तर काटा कधी वर कधी खाली नाचतो.

पत्रा लावायचाच असेल तर कसा. टाकीला चिकटवण्यापेक्षा टाकी आणि इंजिनाच्या मधे, दोन्हीकडे मोकळी जागा सोडून पातळ अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा बसवणं कितीतरी चांगलं. आठ-दहा मिलिमीटर मोकळी जागा दोन्ही बाजूंनी मिळाली तर पत्रा खालची धग परतवतो आणि वरून हवा खेळते. तोच पत्रा टाकीला घट्ट टेकवला तर तो स्वतः तापतो आणि ती उष्णता आरामात टाकीला देतो. मागून पुढून वाट ठेवायची, कोंडायचं नाही, नाहीतर गरम हवेचा खिसा तयार होतो आणि आधीपेक्षा वाईट. चिकटपट्टीच लावणार असाल तर पत्र्याला वरून तेल, मेण, पॉलिशचा अंशही नको, नाहीतर उन्हात एक कोपरा सुटतो आणि नेमका पाइपवर लोंबतो. टाकीच्या ओव्हरफ्लोचं भोक, पाण्याची ड्रेन, पंपाची प्लेट ही सगळी मोकळी ठेवा. बसवून झालं की हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघा, रेसची केबल पत्र्याच्या कडेला घासता कामा नये, कापून कडा तशीच सोडली तर महिन्याभरात केबलचं आवरण कातरते. मी कडेला फाटलेल्या जुन्या नळीचा उभा चिरलेला तुकडा चढवला होता.

पाइपला पट्टी गुंडाळणे, ती रेसिंगवाली, याबद्दल माझं मत चांगलं नाही. धग कमी होते हे खरं, पण साध्या लोखंडी पाइपवर ती पावसाचं पाणी धरून ठेवते आणि आतून पाइप गंजून पापुद्रे निघतात, गुंडाळलेलं असल्याने दिसतही नाही. आणि वरून ऑइल गळत असेल तर ती पट्टी म्हणजे वात. स्टेनलेसच्या पाइपवर, कोरडं हवामान, गळती शून्य, अशा वेळी ठीक. सिरॅमिक कोटिंग सरस आहे पण त्यासाठी पाइप उतरवून द्यावा लागतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाका म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका, बऱ्याच ठिकाणी बेकायदा आहे आणि काढल्यावर मिक्श्चरचा मेळ न घातल्यास पुन्हा लीनचं दुखणं सुरू.

काही गाड्यांत बनावटीनेच उष्णता जास्त असते आणि तुम्ही काहीही करा, ती थोडीफार राहणार. व्ही ट्विनचा मागचा सिलिंडर सीटच्या पुढेच असतो, त्याला वारा कमी. डुकाटीने मल्टिस्ट्राडा व्ही ४ मध्ये उभ्या गाडीवर मागचे दोन सिलिंडर बंद ठेवायची सोय केली ती याच कारणाने. ज्यांना अशी सोय नाही त्यांनी मोठ्या सिग्नलला इंजिन बंद करावं, दुसरं काय.

आता पेट्रोलच्या वासाची आणि थेंबांची गोष्ट. पेट्रोल म्हणजे एकच द्रव नाही, हलक्या-जड घटकांचं मिश्रण आहे, त्यातले हलके घटक ३५-४० अंशांच्या आसपासच उकळायला लागतात आणि जड घटक २०० च्या आसपास. इथेनॉल स्वतः ७८ अंशांना उकळतं पण पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत मिसळलं की मिश्रणाचा वाफेचा दाब उलट थोडा वाढतो. म्हणजे टाकी पन्नाशीला गेली की आत वाफ तयार होणारच. शिवाय पेट्रोल फुगतं. दर अंशाला साधारण एक हजारांश, म्हणजे १५ लिटर पेट्रोल ३० अंशांनी तापलं तर चारशे मिलीच्या वर जागा जास्त मागतं. टाकी गळ्यापर्यंत भरून उन्हात लावली तर ते चारशे मिली कुठे जाणार? ओव्हरफ्लोच्या नळीतून खाली, नाहीतर कार्बन कॅनिस्टरमध्ये. कॅनिस्टर फक्त वाफ शोषायला असतो, त्यात द्रव पेट्रोल शिरलं की कोळसा भिजून निकामी होतो आणि मग गाडी गरम असताना चालू व्हायला नखरे करते, वास येत राहतो. भरताना झाकणाखालच्या आतल्या पत्र्याच्या पातळीवर थांबा. त्याच्या वर जी मान दिसते ती फुगण्यासाठी सोडलेली जागा आहे, भरायची नाही.

थेंब पाइपवर पडत असतील तर मात्र मोजमाप वगैरे सगळं बाजूला ठेवून गाडी चालवणं बंद. पेट्रोल उणे चाळीसच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, ठिणगी कुठलीही चालते.

झाकणाचं छिद्र हा वेगळा विषय आहे पण इथे येतोच. टाकीला श्वास घ्यायला वाट लागते. ती चोंदली, किंवा टाकी बसवताना खालची नळी दाबली गेली, की चालताना आत निर्वात होतो आणि पेट्रोल खाली यायचं थांबतं, आणि तापून उभी असताना उलट दाब वाढून कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल जबरदस्तीने ढकललं जातं. गाडी बंद पडल्या पडल्या, पाइपपासून अंग लांब ठेवून, आजूबाजूला विडी-सिगारेट नाही बघून, झाकण अगदी हळू उघडायचं. लांब "फुस्स" आलं आणि गाडी लगेच चालू झाली तर दोष तिथे. हलकंसं फुस्स कॅनिस्टरवाल्या गाडीत नेहमीच येतं, त्यावरून निष्कर्ष काढू नका.

आणि शेवटी चौथा गडी, गरम झाल्यावर बंद पडणारा. सगळे एका सुरात व्हेपर लॉक म्हणतात, म्हणजे नळीत पेट्रोलची वाफ अडकून पेट्रोल पुढे न जाणं. माझ्या मित्राची जुनी कार्ब्युरेटरवाली गाडी चाळीस मिनिटांनी बंद पडायची, हमखास, चढावर तर आधीच. त्याने नळीला फॉइल गुंडाळलं, मग ओलं फडकं, मग कोणीतरी सांगितलं म्हणून नळीला लाकडी चिमटे लावले, कपडे वाळत घालायचे, पाच चिमटे. पारदर्शक फिल्टर लावला तर तो अर्धाच भरलेला दिसला आणि त्याची खात्रीच पटली. पण पंप नसलेल्या, पेट्रोल आपसूक खाली उतरणाऱ्या व्यवस्थेत फिल्टर अर्धा रिकामा दिसणं सामान्य आहे, प्रश्न पेट्रोल पुढे सरकतंय का एवढाच. मी त्याला म्हटलं, "अरे, कार्ब्युरेटरच्या तळाचा ड्रेन स्क्रू उघड ना बंद पडल्यावर." भांडं ठेवून, इंजिन जरा निवल्यावर उघडला, धार व्यवस्थित. पेट्रोल होतंच. मग प्लग बाहेर काढून टाकीपासून लांब इंजिनाच्या धातूला टेकवून (अर्थ देऊन) बघितलं, ठिणगी नाही. घरी आल्यावर थंड गाडीत झणझणीत निळी ठिणगी. कॉइल गेलेली होती, आणि कॉइल बसते कुठे, तर टाकीच्या खाली फ्रेमला, सगळ्यात गरम कोपऱ्यात. तापली की आतलं वाइंडिंग तुटायचं, थंड झाली की परत जोडलं जायचं. कॉइल बदलली, चिमटे दोरीवर परत गेले.

खरा व्हेपर लॉक असेल तर बंद पडल्यावर कार्ब्युरेटरच्या ड्रेनमधून पेट्रोल येत नाही किंवा फुसफुसत बुडबुड्यांबरोबर येतं. तेव्हा नळीची वाट बघा: टाकीखालच्या पेट्रोल कॉकपासून कार्ब्युरेटरपर्यंत ती सतत खाली उतरती हवी, मधे उंटाच्या पाठीसारखा उंचवटा असेल तर वाफ तिथे जाऊन बसते. लांब नळी कापा, धातूचा फिल्टर सिलिंडरजवळ असेल तर लांब न्या, नळीवर उष्णतारोधक बाही चढवा. इंजेक्शनवाल्या गाडीत लाइनमध्ये साधारण तीन बारचा दाब असल्याने असं क्वचित होतं, तिथे दोष बहुतेक टाकीतल्या पंपाचा. पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड होतो, टाकी तळाला गेली आणि उरलेलं पेट्रोल गरम असलं की तो वाफ ओढतो, बारीक किर्र आवाज चढतो आणि गाडी दम तोडते. टाकी पाव भागाच्या वर ठेवून त्रास थांबला तर समजून जा. तिथे नळी बदलताना कार्ब्युरेटरची साधी नळी लावू नका, एसएई जे ३० आर ९ असं छापलेली इंजेक्शनची लावा.

तापलेल्या बेंड पाइपवर पाणी ओतून गाडी थंड करणारे मी बघितलेत. नका करू, पाइप वाकतो, हेडजवळ तडा जाऊ शकतो. पाणी घालायचंच असेल तर कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीवर ओलं फडकं ठेवा, बस.

माझ्या गाडीचं पुढे काय झालं ते सांगतो. पडदा लावल्यावर वर्षभर सगळं ठीक होतं. मग एअर फिल्टर बदलून आणला आणि दुसऱ्याच दिवशी सिग्नलला तोच ओळखीचा लोट. टाकीला हात लावला, परत चटका. घरी येऊन टाकी उचलली तर पडदा होता, पण दुमडून एअरबॉक्सच्या मागे कोंबलेला, रिव्हेट एकच, तोही उलटा. सरळ केला, तीन नवे रिव्हेट मारले. आता सीटखाली पांढऱ्या चिकटपट्टीवर मार्करने लिहून ठेवलंय: "टाकी बसवताना रबर पुढे, रिव्हेट ३." डाव्या गुडघ्याला अजून थोडं गरम लागतं, बेंड त्या बाजूने वळतो म्हणून.